झील धरणारी मुले



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण देताना कार्यवाहांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज शाळकरी मुलांसमोर होणाऱ्या गाण्याच्या आणि नाचाच्या कार्यक्रमांविषयी बोलणार आहे. विषय वरवर हलका वाटेल. तो तसा नाही, आणि कतारगामच्या या शाळेत तर तो मुळीच हलका नाही, एवढे पटवून देता आले तरी माझे काम झाले असे मी समजेन.

शाळेत गाणे-नाचणे तीन प्रकारांनी होते. पहिला प्रकार स्नेहसंमेलनाचा. मुले मंचावर असतात, पालक समोर असतात. दुसरा प्रकार पाहुण्या कलावंताचा. कलावंत मंचावर असतो आणि मुले समोर हाताची घडी घालून बसलेली असतात. तिसरा प्रकार आपल्याकडे विरळ झाला आहे. त्यात कार्यक्रम मंचावरही घडत नाही आणि प्रेक्षागृहातही घडत नाही; तो कलावंत आणि मुले या दोघांच्या मधल्या जागेत घडतो. कलावंत अर्धी ओळ टाकतो, मुले ती उचलतात. तो पाऊल दाखवितो, मुले ते आपल्या पद्धतीने टाकतात, आणि त्या पद्धतीमुळे कलावंताचे पुढचे पाऊल बदलते. या तिसऱ्या प्रकाराला मी ‘सहभागी कार्यक्रम’ म्हणेन.

या प्रकाराला आपल्या भाषेत फार जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘झील’. गोंधळात, पोवाड्यात, तमाशात मुख्य गायक ओळ सोडतो आणि मागे उभे असलेले साथीदार तिचा शेवट उचलून सूर लांबवितात. ती झील, आणि ते झीलकरी. गुजरातीत ‘झीलवुं’ म्हणजे वरून येणारी वस्तू हातांत घेणे, आपण ज्याला झेलणे म्हणतो ते. गरब्यात एक जण गाणे गाववितो आणि बाकीच्या ते ‘झीलतात’. झील, झेलणे आणि झीलवुं हे शब्द एकाच घरातले वाटतात. झीलकऱ्याचे काम दुय्यम समजले जाते, पण त्याच्याविना पोवाडा उभा राहत नाही. कारण गायकाला श्वास घ्यायला जी जागा लागते, ती झीलकरी भरून काढतो. मुलांच्या कार्यक्रमाविषयी माझे सारे म्हणणे या एका शब्दात आहे. मूल झील धरू शकेल अशी जागा ज्या कार्यक्रमात मोकळी ठेवलेली असते, तोच मुलांचा कार्यक्रम. बाकीचे सारे मुलांच्या उपस्थितीत झालेले मोठ्यांचे कार्यक्रम.

आपल्या परंपरेत ही जागा नेहमी मोकळी असे. कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगाकडे जाताना श्रोत्यांना नामघोष करावयास लावतो. त्या वेळी पुढच्या रांगेत बसलेल्या पोरांचा आवाज सर्वांत मोठा असतो. गुजरातेत माणभट्ट तांब्याच्या घटावर अंगठ्यांनी ताल धरून आख्यान गात असे. या परंपरेतला सर्वश्रेष्ठ कवी प्रेमानंद सतराव्या शतकातला, बडोद्याचा. परंतु त्याचा मुक्काम या सुरतेत आणि पलीकडे खानदेशात नंदुरबारला दीर्घकाळ होता. म्हणजे आज ज्या रेल्वेमार्गाने आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील पोटासाठी सुरतेस आले, त्याच वाटेवर तीनशे वर्षांपूर्वी एक कवी आख्याने गात होता. त्याच्यासमोर बसलेल्या मुलांना कोणी ‘गप्प बसा’ म्हटले असेल असे मला वाटत नाही.

मुलींचे तर स्वतःचे सहभागी नाट्यच होते. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला, कोकणातला हादगा, खानदेशातली गुलाबाई, विदर्भातली भुलाबाई. फेर धरून किंवा टिपऱ्यांवर गाणी म्हणावयाची आणि शेवटी खाऊ ओळखावयाचा. खाऊ ओळखण्याचा भाग गमतीचा म्हणून सोडून देऊ नये. झाकलेल्या डब्यात काय आहे हे यजमानीण सांगत नाही. मुली डबा हलवून आवाज ऐकतात, गोड की तिखट असे विचारतात, चुकतात, हसतात आणि शेवटी ओळखतात. ज्या कार्यक्रमात उत्तर आधी सांगितले जात नाही, तिथे मूल शेवटपर्यंत जागे राहते. आधुनिक शिक्षणशास्त्राने जे पुढे ग्रंथांतून मांडले, ते आमच्या आजीला डब्याच्या झाकणाखाली ठेवता येत होते.

मग शाळा आली. शाळेने लिहावयास शिकविले, जातीपातींच्या पोरांना एका बाकावर बसविले, हे तिचे उपकार अमाप आहेत. पण त्या बाकाने शरीराला जखडलेही. शिस्त म्हणजे न हालणे अशी समजूत रूढ झाली. या समजुतीला आपल्या भागात पहिला मोठा धक्का दिला तो गिजुभाई बधेका यांनी. १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू झाले. वकिली सोडून आलेला हा माणूस मुलांना गोष्टी सांगे, त्यांच्याबरोबर गाई आणि त्यांना पाठांतराशिवाय नाटके करू देई. तीन वर्षांनी तिथे एक मराठी बाई दाखल झाल्या, त्या ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. एक गुजराती शिक्षक आणि एक मराठी शिक्षिका यांच्या सहकार्यातून या देशातल्या बालशिक्षणाचे एक पर्व उघडले. सुरतेला हे नवे नव्हते. १८४४ साली इथे मानवधर्म सभा निघाली, तेव्हा दुर्गाराम मेहताजींच्या बरोबर आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. दोन भाषांतल्या शिक्षकांनी मिळून काही मांडावे, ही या गावाची रीत आहे.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. सुरतेहून मुंबईकडे जाताना गुजरातची हद्द ओलांडली की हा मुलूख लागतो. तिथल्या आदिवासी पाड्यांतली मुले शाळेत येत नसत. तेव्हा या बाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला. वारली लोकांच्या तारपा नाचात वाजविणारा मध्यभागी असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. तिथे मंच नाही, पडदा नाही, प्रेक्षक नाही. शिक्षकाने वर्गात कुठे उभे राहावे, हे या नाचावरून शिकता येईल. मधोमध उभे राहावे, पण उंचावर नाही.

मराठी रंगभूमीनेही मुलांची दखल घेतली. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. १९६२ साली मतकरींनी स्वतः ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण प्रेक्षकांतल्या मुलांशी बोलते आणि मुले तिला तितक्याच जोराने उत्तरे देतात. दादरच्या छबिलदास शाळेत एके काळी शिक्षिका असलेल्या सुलभा देशपांडे यांनी ‘आविष्कार’च्या चंद्रशाळेतून १९८२ साली ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य उभे केले. मुलांच्या कित्येक पिढ्या त्यात नाचल्या. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाणे आणि नाच गावोगाव नेले. तिकडे दिल्लीत १९७७ साली किरण सेठ यांनी ‘स्पिक मॅके’ची चळवळ सुरू केली आणि मोठमोठे गायक-नर्तक शाळांच्या साध्या सभागृहांत येऊन, सतरंजीवर बसलेल्या मुलांना राग आणि ताल समजावून सांगू लागले.

खानदेशाच्या संदर्भात एक नाव घेतलेच पाहिजे. शाहीर साबळे मूळचे पसरणीचे, पण शिक्षणासाठी अमळनेरला राहिले आणि तिथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. अमळनेर आपल्या सुरत-भुसावळ मार्गावरचे स्टेशन आहे. एका शाळकरी मुलाला गाण्याची वाट दिसली आणि पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ उभी राहिली. प्रत्येक मूल शाहीर होणार नाही, व्हावे असेही नाही. पण कोणाच्या गळ्यात काय दडले आहे, हे ज्या शाळेत कोणी ऐकतच नाही, तिथे ते कळणार तरी कसे?

इतका समृद्ध वारसा असता आज काय दिसते? स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित गाणे वाजते. गाणे चित्रपटातले, आवाज दुसऱ्याचा, पावले नृत्यशिक्षकाने ठरवून दिलेली. मूल ती पावले पाठ करते. समोर पालकांचे मोबाईल वर झालेले असतात. मुलांच्या कष्टांना मी नावे ठेवीत नाही. परंतु त्या सात मिनिटांत मुलाने एकही निर्णय घेतलेला नसतो. पाऊल चुकले तर गाणे थांबत नाही, कारण यंत्राला झील ऐकू येत नाही.

सहभागाच्या नावाखाली दुसराही प्रकार चालतो. एका शाळेत मी असा कार्यक्रम पाहिला. ध्वनिक्षेपक हाती घेतलेला निवेदक दर दोन मिनिटांनी ओरडत होता, ‘आवाज येत नाही, आणखी जोरात!’ पाचशे मुले किंचाळत होती. मुलांनी काय उत्तर दिले याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हते. कोणतेही उत्तर आले असते तरी पुढचे वाक्य तेच असते. प्रतिसाद मागणे निराळे आणि प्रतिसाद स्वीकारणे निराळे. मुलाच्या उत्तराने कार्यक्रमात काहीतरी बदलले पाहिजे. लय बदलो, गाण्यातला प्राणी बदलो, गोष्टीचा शेवट बदलो. काहीच बदलत नसेल तर तो सहभाग नव्हे, तो नुसता गलका.

हे साधावयाचे कसे, याबद्दल काही व्यवहारातल्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट संख्येची. एका वेळी साठ ते ऐंशी मुले पुरेत. ध्वनिक्षेपकाशिवाय कलावंताचा आवाज शेवटच्या मुलापर्यंत पोहोचला पाहिजे आणि शेवटच्या मुलाचा चेहरा कलावंताला दिसला पाहिजे. दुसरी गोष्ट बसण्याची. मंच नको, सतरंजीवर अर्धवर्तुळ करावे आणि मधे नाचण्याइतकी जागा ठेवावी. तिसरी गोष्ट वेळेची. लहानांना तीस-पस्तीस मिनिटे, मोठ्यांना पाऊण तास. मुले ‘अजून’ म्हणत असताना थांबावे.

चौथी गोष्ट पट्टीची आणि लयीची, आणि इथे चांगले चांगले कलावंत अडखळतात. मोठ्या पुरुषाच्या गळ्याला सोयीची चाल मंद्रात उतरली की मुलांच्या गळ्यातून निसटते. ती कुजबुजू लागतात, आणि आपण समजतो की मुले लाजतात. मुलांची स्वाभाविक लयही मोठ्यांपेक्षा जलद असते. म्हणून आरंभी त्यांना मोकळ्या टाळ्या वाजवू द्याव्यात, त्यांची लय ऐकावी, आणि ढोलकीने ती धरावी. मुलांनी ढोलकीच्या मागे धावण्याआधी ढोलकीने मुलांच्या मागे जावे. एकदा विश्वास बसला की मग संथ लयीकडे नेता येते. ओळ लहान असावी, आणि तिच्यानंतर तितकाच लांब विराम असावा. त्या विरामात घाईने आपणच गाऊ नये. पहिल्या खेपेस तिथे शांतता पडेल. ती पडू द्यावी. दुसऱ्या खेपेस एक-दोन आवाज येतील, तिसऱ्या खेपेस सारे येतील.

पाचवी गोष्ट नाचाची. आठवीतल्या मुलीला एकटीला पुढे बोलावून नाचावयास सांगणे म्हणजे शिक्षा. फेरात तिलाच उभे करा, ती नाचेल, कारण फेरात कोणी पुढे नसते आणि कोणी मागे नसते. मुलगे म्हणतात, नाच मुलींचा. त्यांना लेझीम हाती द्यावी, तारपा नाच दाखवावा. गुजरातेत तर गरब्यात पुरुष फिरतात, हे त्यांना रोजच दिसते. ज्या मुलाचे पाय चालत नाहीत त्याच्या हाती खंजिरी द्यावी. तो ज्या ठेक्यावर थांबेल, त्यावर सर्वांनी थांबावे. असे केले तर त्याच्याविना तो खेळ होऊच शकत नाही, आणि हे सर्व मुलांना न सांगता समजते.

आता मी कतारगामकडे येतो. एके काळी हे गाव उंधियूच्या पापडीसाठी सुरतकरांना ठाऊक होते. आज इथे हिऱ्यांचे कारखाने आहेत. सौराष्ट्रातून आलेले रत्नकलाकार आहेत, मागाच्या आणि भरतकामाच्या यंत्रांवर राबणारे खानदेशी आणि ओडिया कामगार आहेत. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांत चालतात, आणि त्यांत मराठी आहे. एका खानदेशी मुलाचा दिवस पाहा. घरात अहिराणी, वर्गात प्रमाण मराठी, रस्त्यावर गुजराती, दूरदर्शन संचावर हिंदी. चार भाषा त्याच्या कानांवर पडतात. पण वर्गात उभे करून प्रश्न विचारला की तो गप्प राहतो. शिक्षक म्हणतात, मूल मंद आहे. मूल मंद नसते. कोणत्या भाषेत उत्तर द्यावे, हे ठरविण्यात त्याचा क्षण निघून जातो.

हिरा ज्यावर घासतात त्या चक्राच्या बैठकीला इथे ‘घंटी’ म्हणतात. गुजरातीत घंटी म्हणजे मूळात जाते, आणि खानदेशात जात्याला म्हणतात घरोट. बहिणाबाई चौधरींनी आपली गाणी अशाच घरकामात आणि शेतकामात रचली. त्या लिहिणे-वाचणे जाणत नव्हत्या. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने तोंडात बोट घातले. आजी घरोटावर गात होती. बाप घंटीवर बसतो. तिथे यंत्राचा आवाज आहे, गाणे नाही. आता नातू काय गाणार, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर घरात मिळणार नाही, कारण घरात वेळ नाही. ते मिळाले तर शाळेतच मिळेल.

म्हणून सहभागी कार्यक्रमाचे येथे विशेष मोल आहे. वर्गात चुकीचे बोलले तर हसू होते, पण झील चुकत नाही, कारण ती सर्वांबरोबर धरावयाची असते. जो मुलगा मराठीत एक वाक्य नीट बोलत नाही, तो फेरात पूर्ण कडवे म्हणतो. भाषा प्रथम त्याच्या पायांत येते, मग गळ्यात, मग लेखणीत. आणि गाण्याला सरहद्द नसते. गरब्यातली हींच सहा मात्रांची आहे आणि आपला दादराही सहा मात्रांचा आहे. गुलाबाईचे गाणे आणि गरबा एकाच फेरात चालू शकतात. काठेवाडी मुलीने खानदेशी गाण्याची झील धरली आणि खानदेशी मुलाने गरबा झीलला, तर दोघांचेही काही उणे होत नाही.

काही आक्षेप मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम कधी पुरा करावयाचा, असे शिक्षक विचारतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेशी जोडलेले शिक्षण सांगितले आहे, आणि सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत असेही सुचविले आहे. तेव्हा अनुमती आहे. प्रश्न इच्छेचा आहे. पालक म्हणतात, नाचून गुण वाढतात का? मी त्यांना उलट विचारतो, जे मूल वर्षभर तोंड उघडीत नाही, त्याचे गुण कशाने वाढतील? रसिक म्हणतात, असल्या खेळांनी अभिजात कलेचा दर्जा उतरेल. त्यांना मी स्पिक मॅकेचा दाखला देतो. तिथे मुलांसाठी कला पातळ केली जात नाही. फक्त तिचे दार उघडे ठेवले जाते.

या शाळेच्या चालकांना माझी विनंती लहान आहे. वर्षातून चार कार्यक्रम ठेवा, प्रत्येक सत्रात दोन. ते शाळेच्या वेळेत व्हावेत, मुलांकडून शुल्क घेऊ नये. कलावंत दूरचा नसला तरी चालेल; याच वस्तीत ढोलकी वाजविणारा, भजन म्हणणारा, गरबा गावविणारी, गुलाबाईची गाणी पाठ असलेली आजी सापडेल. मंडळाने त्यांना मानधन द्यावे आणि मानाने बसवावे. प्रत्येक कार्यक्रमात मुलांच्या घरच्या निदान तीन भाषांतले एकेक गाणे असावे. आणि वर्गशिक्षकांनी त्या दिवशी मुलांना रांगेत बसविण्याचे काम सोडून दुसरे एक काम करावे. एरवी गप्प असणारी कोणती मुले आज गायली, त्यांची नावे वहीत लिहून ठेवावीत. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न त्या मुलांना विचारावा.

माजी विद्यार्थ्यांनाही मी काही मागणार आहे. आपण शाळेला घड्याळे दिलीत, पंखे दिलेत, हे उत्तम झाले. यापुढे एक ढोलकी, वीस लेझिमी, दहा जोड टिपऱ्या आणि दोन मोठ्या सतरंज्या द्या. आणि आपल्या आईला, आजीला येणारी गाणी लिहून, शक्य तर त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. ती म्हणणारी पिढी आता थोडीच उरली आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो, त्यांच्या नावाने शाळेत असा एक गीतसंग्रह उभा राहावा आणि मुलांनी तो कपाटातून काढून फेरात गावा, याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. मुलांचा कार्यक्रम इतक्या शांतपणे ऐकला जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.